ज्या शहराची विश्रांती समुद्रावर असते

ऑकलंडचा नकाशा पहिल्यांदा पाहिला की डोळे चोळावेसे वाटतात. न्यूझीलंडचं हे सर्वांत मोठं शहर एका चिंचोळ्या भूपट्टीवर वसलंय. एका अंगाला वाइतेमाताची खाडी आणि पलीकडे प्रशांत महासागर, दुसऱ्या अंगाला मानुकाउची खाडी आणि पलीकडे टास्मन समुद्र. ओताहुहू या भागात तर दोन्हीकडच्या पाण्यांमध्ये जेमतेम सव्वा किलोमीटर जमीन उरते. इथले मूळचे माओरी लोक आपल्या लांबलचक होड्या इथूनच जमिनीवरून ओढत नेत आणि एका समुद्रातून निघून दुसऱ्यात उतरत. आज त्या वाटेवर डांबरी रस्ता आहे, पोर्टेज रोड नावाचा.

वाइतेमातातून बाहेर पडलं की हाउराकीचं आखात लागतं. महासागराच्या मोठ्या लाटा ग्रेट बॅरिअर बेट आणि कोरोमंडल द्वीपकल्प अंगावर झेलतात. आत उरतं ते शांत पाणी आणि शीड भरायला हवा तेवढा वारा. आखातात लहानमोठी कितीतरी बेटं विखुरलेली आहेत. त्यांतला रांगितोतो हा ज्वालामुखी जेमतेम सहाशे वर्षांपूर्वी समुद्रातून वर आला, म्हणजे माणसांची वस्ती झाल्यानंतर! वारा कोणत्याही दिशेने येवो, कुठल्यातरी बेटाच्या आडोशाला नांगर टाकायला जागा मिळतेच. शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

पण चांगलं पाणी जगात पुष्कळ ठिकाणी आहे. तिथली सगळीच शहरं काही शिडांची होत नाहीत. ऑकलंड झालं, आणि मला विचाराल तर त्याचं श्रेय हौशी श्रीमंतांपेक्षा बंदरावर राबणाऱ्या माणसांना जास्त आहे.

सुरुवात लाकडापासून करू. न्यूझीलंडच्या उत्तर भागात कौरीचे प्रचंड वृक्ष होते. कौरी वाढता वाढता खालच्या फांद्या गाळून टाकतो, त्यामुळे खोड उंचच उंच सरळ जातं आणि लाकडात गाठी फारशा नसतात. १८२० मध्ये ब्रिटिश आरमाराचं ‘कोरोमंडल’ जहाज याच लाकडाच्या डोलकाठ्या न्यायला आलं. वर आलेलं द्वीपकल्पाचं नाव त्या जहाजावरून पडलं. म्हणजे आपल्या पूर्व किनाऱ्याचं नाव असं फिरत फिरत तिथवर पोचलं.

पुढे कौरीचे ओंडके ऑकलंडच्या धक्क्यांवर येऊ लागले आणि त्यांच्यामागोमाग नावा बांधणारे कारागीर आले. १८७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीकाठचा रॉबर्ट लोगन इथे आला. त्याच्या मुलांनी ज्या पद्धतीच्या नावा बांधल्या, त्या जवळून पाहण्यासारख्या आहेत. कौरीच्या पातळ फळ्यांचे तीन थर. पहिला तिरका, दुसरा त्याला छेद देत उलट्या बाजूने तिरका आणि तिसरा नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सरळ लांबीत. तिन्ही थर तांब्याच्या खिळ्यांनी एकजीव केलेले. असं कवच स्वतःच इतकं भक्कम होतं की आतल्या जड फासळ्यांची गरज फार कमी होते आणि नाव हलकी राहते. १८९७ ची ‘थेल्मा’, १९०४ ची ‘अरिकी’ या नावा आज शंभरी ओलांडून गेल्या आहेत आणि तरीही शिडं उभारतात. त्यांच्याकडे पाहताना ती तोडलेली अरण्यं मात्र विसरता येत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कौरीची बहुतेक जुनी जंगलं संपली होती.

दुसरी गोष्ट मासळीची. मुलेट म्हणजे बोई जातीची मासळी उथळ खाड्यांत मिळायची, आणि बर्फ नसलेल्या त्या काळात ती ताजी असतानाच बाजारात पोचवावी लागे. म्हणून कोळ्यांनी मुलेट बोट घडवली. ती रुंद आणि उथळ. तळातला फाळ वर ओढला की वाळूवर चढणारी. आणि वर अंगाच्या मानाने दांडगं शीड. जो आधी पोचेल त्याचा माल आधी विकला जाई, तेव्हा रोजचा धंदा हीच रोजची शर्यत. सुट्टीच्या दिवशी त्याच बोटी गंमत म्हणून धावू लागल्या. पुढे मच्छीमारीत इंजिनं आली आणि शिडाच्या बोटी शहरातल्या कारागिरांच्या, कारकुनांच्या हाती गेल्या. या मुलेट बोटींच्या शर्यतीसाठी पाँसनबी क्रूझिंग क्लबला करंडक दिला तो चहावाल्या सर थॉमस लिप्टन यांनी. शिडाच्या नावांच्या अमेरिका चषकासाठी पाच वेळा झुंजून एकदाही न जिंकलेला हा माणूस! लिप्टन करंडकाचं मला त्याच्या चहाहून जास्त अप्रूप वाटतं.

मग पोरांची पाळी. १९२० मध्ये हॅरी हायेट यांनी ऑकलंडच्या उत्तरेला ओनेराही इथे सात फुटांची एक चिमुकली नाव आखली, तिला पी-क्लास म्हणतात. पाठीवर वारा असताना जरा तोल चुकला की ती नाक पाण्यात खुपसते आणि पोरगं थेट समुद्रात. ती हाकायला जमली की पुढे कुठलीही नाव जमते, असं तिथे मानतात. पुढे अमेरिका चषक जिंकणारे पीटर ब्लेक आणि रसेल कूट्स यांचं बालपण या नावेत गेलं. त्यात भर म्हणजे आयातीवर कडक निर्बंध असल्याने बाहेरची बोट आणणं अवघड होतं. मग युद्धानंतर प्लायवुड मिळू लागल्यावर लोक घराच्या परसात, गॅरेजमध्ये स्वतःच बोटी बांधायला लागले. हौस सामान्य घरांत शिरली ती अशी.

१९९५ मध्ये ब्लेक यांच्या चमूने, कूट्स सुकाणूवर असताना, सान दिएगोच्या समुद्रात ‘ब्लॅक मॅजिक’ या नावेतून अमेरिका चषक ५-० असा जिंकला. ब्लेक यांचे लाल मोजे शुभ ठरले म्हणून अख्ख्या देशाने लाल मोजे विकत घेतले आणि त्या विक्रीतून चमूला पैसा मिळाला. पुढची लढत घरच्या पाण्यात होणार होती, आणि जागा तयारच होती. कंटेनरची वाहतूक पूर्वेकडच्या धक्क्यांवर गेल्यापासून व्हायाडक्टची जुनी गोदी ओस आणि गलिच्छ झाली होती. ती साफ करून २००० च्या स्पर्धेसाठी सजवली गेली. आज हार्बर पुलाच्या पायथ्याशी वेस्टहेवनला दोन हजारांच्या आसपास नावा बांधलेल्या असतात. २०२१ मध्ये वाइतेमाताच्या याच खाडीत चषकाच्या नावा पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाऊन, बूड हवेत ठेवून ताशी नव्वद किलोमीटरच्या वर धावल्या.

तरी मला सगळ्यात मोठी नवलाई वाटते ती जानेवारीतल्या रेगाटाची, म्हणजे नावांच्या शर्यतींच्या उत्सवाची. १८ सप्टेंबर १८४० रोजी, वसाहतीचा झेंडा लागला त्याच दिवशी, इथे अधिकाऱ्यांच्या वल्ह्यांच्या नावा, देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या होड्या आणि माओरी होड्या यांच्या शर्यती झाल्या होत्या. शहर अजून उभंसुद्धा राहिलं नव्हतं! ती परंपरा पुढे जानेवारीत साजरी होऊ लागली. आजही त्या दिवशी शिडाच्या यॉट धावतात, जुन्या कौरीच्या नावा धावतात, आणि एरवी मालवाहू जहाजं ओढणारे बंदरातले टगसुद्धा धूर सोडत, पाणी उडवत एकमेकांशी शर्यत लावतात.