गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा : वेळीच ओळख महत्त्वाची

पाळी चुकून पंधरा-वीस दिवस झालेले असतात, घरी केलेल्या चाचणीत दोन रेषा उमटलेल्या असतात आणि एके दिवशी ओटीपोटात एका बाजूला दुखू लागते. थोडे अंगावरूनही जाते. ‘सुरुवातीला असे होतेच’, असे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सांगतात व पुष्कळदा ते खरेही ठरते. मात्र, याच लक्षणांमागे गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा दडलेली असू शकते. शंभर गर्भधारणांमागे एक ते दोन अशा असतात.

यातील नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भ गर्भनलिकेतच रुजतात. गर्भाशयाप्रमाणे ताणले जाण्याची क्षमता या नाजूक नलिकेत नसते. बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ती फुटू शकते आणि पोटात रक्तस्राव होतो. बाहेर दिसणारे रक्त थोडेच असते, हेच फसवे. आत साचलेले रक्त श्वासपटलाला डिवचते, म्हणून कधी खांद्याचे टोक दुखते. पोटदुखीसोबत खांदा दुखला, भोवळ आली किंवा दरदरून घाम सुटला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

निदान एकाच तपासणीत होईल असे नाही. योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे दिसले, तरी गर्भ अगदी लहान असल्याची शक्यता उरते. अशा वेळी रक्तातील ‘बीटा एचसीजी’ या संप्रेरकाची पातळी ४८ तासांच्या अंतराने मोजतात. निरोगी गर्भधारणेत ती झपाट्याने चढते. रेंगाळली तर संशय बळावतो. हे दोन दिवस नातेवाइकांना टाळाटाळीचे वाटतात. परंतु घाईने औषध दिल्यास चांगला गर्भही गमावण्याची भीती असते.

नलिकेतील गर्भ उचलून गर्भाशयात ठेवता येत नाही. नलिका फुटलेली नसेल, प्रकृती स्थिर असेल आणि संप्रेरकाची पातळी कमी असेल, तर ‘मेथोट्रेक्सेट’चे इंजेक्शन देतात. चौथ्या ते सातव्या दिवसादरम्यान पातळी किमान १५ टक्के घटणे अपेक्षित असते. पुढेही ती नाहीशी होईपर्यंत रक्ततपासणी चुकवू नये. या काळात फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात आणि किमान तीन महिने गर्भधारणा टाळावी लागते.

अन्यथा दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून बहुधा ती नलिकाच काढतात. फुटलेली नलिका काढून रुग्ण वाचविण्याचे पहिले श्रेय बर्मिंगहॅमचे शल्यविशारद लॉसन टेट यांना १८८३ सालापासून दिले जाते. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास ‘अँटी-डी’ इंजेक्शनबाबत डॉक्टरांना अवश्य विचारावे.

पूर्वी असा गर्भ राहिलेला असणे, ओटीपोटातील जंतुसंसर्ग, नलिकेवरील शस्त्रक्रिया आणि धूम्रपान यांमुळे धोका वाढतो. कॉपर-टी असताना किंवा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर दिवस जाणे दुर्मीळ. पण गेलेच, तर गर्भ बाहेर असण्याची शक्यता अधिक. ‘ऑपरेशन झाले आहे’ म्हणून चुकलेल्या पाळीकडे दुर्लक्ष करणे म्हणूनच घातक.

एक नलिका गेली तरी अनेक स्त्रियांना पुढे नैसर्गिकरीत्या मूल होते. त्या वेळी सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भाची जागा पाहून घ्यावी.