मेंढ्या गाभडतात तेव्हा

सुगी आटोपली की परभणी जिल्ह्यातल्या काळ्या रानांत मेंढरं बसू लागतात. जिंतूरच्या माळापासून गंगाखेडच्या गोदाकाठापर्यंत मोकळ्या शेतांत धनगर-हटकरांचे वाडे उतरतात आणि लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. अशा एखाद्या खांडात, म्हणजे कळपात, गाभण मेंढ्या एकीमागून एक गाभडू लागल्या, तर मेंढपाळाचं वर्ष बुडतं. कुणी उन्हाला दोष देतं, कुणी कोवळ्या चाऱ्याला, कुणी नजरेला. गर्भ पडण्याची कारणं अनेक आहेत. पण पाच महिन्यांच्या गाभणकाळात शेवटच्या दीड-दोन महिन्यांत ओळीने गर्भ पडत असतील, तर संशय आधी ब्रुसेला या जिवाणूवर घ्यायला हवा.

लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी तो १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत शोधला. तो येतो कुठून, हे कळायला १९०५ उजाडलं. माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी तो वरवर धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत दाखवून दिला. पुढच्याच वर्षी सैन्यातलं शेळीचं दूध बंद झालं आणि तापाचे रोगी झपाट्याने घटले.

‘वरवर धडधाकट’ हीच या रोगाची खरी अडचण. गाभडलेल्या मेंढीला पुढच्या वेताला बहुधा नीट कोकरू होतं, म्हणून ती बरी झाली असं समजून तिला खांडात ठेवलं जातं. जंतू मात्र तिच्या कासेत आणि लसिकाग्रंथींत टिकून असतो. दुधातून आणि वेताच्या वेळच्या स्रावातून तो बाहेर पडत राहतो. पडलेला गर्भ आणि जार यांत त्याची संख्या अफाट असते. जार उघड्यावर पडला, कुत्र्याने ओढत नेला, की चरण्याची जागा बाधित झाली. कडक उन्हात जंतू लवकर मरतो, पण ओलसर, सावलीच्या जागी आठवडेच्या आठवडे तग धरतो.

म्हणून धोका शोधायचा तो वाड्याच्या व्यवहारात. बाजारातून आणलेली मेंढी त्याच दिवशी खांडात सोडणं, शेळ्या-मेंढ्या एकत्र ठेवणं, मेंढानर एका वाड्याकडून दुसऱ्याकडे देणं, एकाच पाणवठ्यावर अनेक खांडं उतरणं. पण मेंढपाळाने भटकायचं नाही, असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. चारा असेल तिकडे जाणं हाच त्याचा धंदा आहे.

रोग किती पसरलाय हे मोजताना नुसती मेंढ्यांची टक्केवारी काढून भागत नाही. किती खांडांत निदान एक तरी बाधित मेंढी सापडली, हा आकडा जास्त बोलका असतो, कारण रोग खांडाच्या वाटेने फिरतो. प्राथमिक चाचणी अवघड नाही. रोझ बंगाल चाचणीत रक्तजल आणि गुलाबी प्रतिजन मिसळून चार मिनिटांत गुठळ्या होतात का ते पाहतात. मेंढ्यांसाठी रक्तजलाचं प्रमाण तिप्पट ठेवलं तर सुटून जाणारी बाधित जनावरं कमी होतात. पक्क्या निदानासाठी एलायझासारखी दुसरी चाचणी लागते.

आता मुख्य तक्रार. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने १३,३४३ कोटी रुपयांचा राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात लाळ्या-खुरकुताच्या लसीत मेंढ्या-शेळ्या होत्या. ब्रुसेलाची लस मात्र चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांपुरती. त्याच वर्षीच्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. माणसाला सर्वाधिक त्रास देणारी ब्रुसेलाची जात मुख्यत्वे शेळ्या-मेंढ्यांतच राहते, आणि त्याच बाहेर राहिल्या.

अडलेलं कोकरू उघड्या हाताने ओढणाऱ्या आणि न उकळलेलं दूध पिणाऱ्या कुटुंबात ब्रुसेलाचा ताप शिरतो. येतो-जातो ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे धरणं. टायफॉइड किंवा क्षय समजून उपचार होत राहतात. नेमकी औषधं निदान सहा आठवडे घ्यावी लागतात, अर्धवट सोडली तर रोग उलटतो.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालयही आहे. मेंढ्यांचं आणि मेंढपाळांचं रक्त एकाच मोहिमेत तपासायला हवं. राज्य सरकारच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ मेंढानर असा गट अनुदानावर मिळतो. तो ताब्यात देण्याआधी प्रत्येक जनावराची ब्रुसेला चाचणी सक्तीची करावी. मेंढपाळ बांधवांनी गर्भ आणि जार हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरावेत आणि दूध उकळूनच प्यावं. आणि डॉक्टरांनी लांबलेल्या तापाच्या प्रत्येक रोग्याला विचारावं, घरी मेंढरं आहेत का.