शार्कला कोण खातो?

परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजी अन्नसाखळी शिकवत होते. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला साप, सापाला घार. मग गुरुजींनी विचारले, "समुद्रात सर्वांत शेवटी कोण?" मी हात वर करून ओरडलो, "शार्क! त्याला कुणीच खात नाय!" गुरुजी हसले. म्हणाले, "खातो रे. शोधून काढ आणि भित्तिपत्रकात लिही." म्हणून हे लिहीत आहे.

शार्कला खाणाऱ्याचे नाव ऑर्का. तो रंगाने काळाभोर, पोट पांढरे. डोळ्यामागे मोठा पांढरा पट्टा असतो, मला आधी तोच डोळा वाटला होता. लोक त्याला किलर व्हेल म्हणतात, पण तो डॉल्फिनच्या कुळातला आहे. तो मासा नाही. श्वास घ्यायला त्याला पाण्यावर यावे लागते, आणि मादी पिल्लाला दूध पाजते. मोठा नर ८-९ मीटर लांब होतो. मोठा पांढरा शार्क फार तर ६ मीटर. आम्ही आमचा वर्ग मोजला, तो बरोबर ६ मीटर भरला. म्हणजे शार्क वर्गात मावेल, पण ऑर्काची शेपटी व्हरांड्यात जाईल!

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ फॅरालोन बेटे आहेत. तिथे १९९७ साली ऑक्टोबर महिन्यात एका ऑर्काने पांढरा शार्क मारला. बोटीतल्या लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले. शार्कला उलटा केला की तो गुंगी आल्यासारखा निपचित पडतो. पांढऱ्या शार्कला सारखे पोहावे लागते, तरच कल्ल्यांतून पाणी जाते. तो थांबला की गुदमरतो. एवढा मोठा शार्क, पण नुसता उलटा केला तर संपला!

पुढची गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली. २०१७ साली गान्सबाय गावाच्या किनाऱ्याला पाच मेलेले पांढरे शार्क लागले. बहुतेकांची कलेजी गायब, बाकीचे मांस तसेच! कलेजी म्हणजे यकृत. माशांच्या पोटात हवेचा फुगा असतो, शार्कच्या पोटात तो नसतो. त्याचे यकृत खूप मोठे असते आणि तेलाने भरलेले असते. तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून शार्कला तरंगायला मदत होते. ऑर्काला तेच तेल हवे असते.

हे काम दोन नर ऑर्कांचे होते. एकाचा पाठीवरचा पर डावीकडे वाकलेला, दुसऱ्याचा उजवीकडे. म्हणून लोकांनी त्यांची नावे पोर्ट आणि स्टारबोर्ड ठेवली. जहाजाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला असे म्हणतात. ही जोडी आली की पांढरे शार्क पळून जात, ते कित्येक आठवडे परत येत नसत. तिथले लोक पर्यटकांना बोटीतून शार्क दाखवून पोट भरतात. आता शार्कच नाही, तर दाखवणार काय? मला त्या बोटवाल्यांचे फार वाईट वाटले.

२०२३ साली तर स्टारबोर्डने एकट्याने अडीच मीटरचा पांढरा शार्क दोन मिनिटांच्या आत मारला. आमच्या प्रार्थनेला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आमच्या बाजारात मुशी येते, तीसुद्धा शार्कच आहे. परवा आई मुशी कापायला बसली तेव्हा मी म्हटले, "आई, आधी हिची कलेजी दाखव." खरंच, केवढी मोठी होती!