आजारपणातली सावड

आपल्याकडे शेतकऱ्यांत सावड म्हणून एक जुनी रीत आहे. एकाच्या दावणीला एक बैल, दुसऱ्याच्या दावणीला एक बैल. दोघांनी मिळून जोडी करायची आणि आज तुझे रान, उद्या माझे रान अशी नांगरट उरकायची. सावडीत कोणी कोणावर उपकार करीत नाही. ठरल्या दिवशी बैल घेऊन बांधावर हजर राहायचे, एवढाच तिचा कायदा. आपल्या मित्राला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला आहे असे कळले, म्हणजे आपण काय करावे, हा आजचा विषय आहे. आणि माझे म्हणणे एवढेच आहे की, तिथेही सावडच करावी.

आधी रोगाविषयी थोडे. मोठे आतडे सुमारे पाच फूट लांबीचे असते. त्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी मांसाचा बारीक कोंब फुटतो. बहुतेक कोंब निरुपद्रवी राहतात. एखादा मात्र वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाऊन कॅन्सर होतो. शौचावाटे रक्त जाणे, शौचाची नेहमीची सवय एकाएकी बदलणे, कारण नसताना वजन उतरणे, अंगातले रक्त कमी होऊन धाप लागणे, ही त्याची लक्षणे. पण आपल्याकडे रक्त दिसले की माणूस म्हणतो, "मूळव्याध असेल, तिखट जास्त झाले." पुष्कळदा ती मूळव्याधच असते; पण नसली तर? म्हणून रक्त पुन्हा पुन्हा जात असेल, तर दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. कोंब असतानाच सापडला, तर त्याच दुर्बिणीतून तो काढून टाकता येतो आणि पुढचे सारे रामायण टळते. मित्राला त्या तपासणीपर्यंत नेऊन पोचवणे, ही सावडीची पहिली पाळी.

रोगाचे नाव पक्के झाले, की गावात बातमी फिरते. घरी माणसांची रीघ लागते. एक जण काढा सांगतो, दुसरा जडीबुटीवाल्याचा पत्ता देतो, तिसरा "माझ्या मेव्हण्याचंही असंच झालं होतं" म्हणून सुरुवात करतो आणि गोष्ट स्मशानात नेऊन संपवतो. हेतू कुणाचाच वाईट नसतो. पण रोग्याच्या मनाचे पाणी पाणी होते. आपण यातले काही न करता एक साधी वही घ्यावी आणि मित्राबरोबर डॉक्टरांकडे जावे. घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांचे निम्मे बोलणे ऐकू येत नाही. ते आपण ऐकावे आणि लिहून घ्यावे. रोग कोणत्या टप्प्यावर आहे? ऑपरेशन कोणते? त्यानंतर केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरची औषधे, लागणार का आणि किती महिने? कोणत्या दवाखान्यात सरकारी योजना लागू आहे? प्रश्न घरूनच लिहून न्यावेत. काढा चालेल का, हेही त्यांनाच विचारावे. काही पाले-मुळ्या केमोच्या औषधांशी जुळत नाहीत.

ऑपरेशनमध्ये आतड्याचा रोगट भाग काढून उरलेली टोके जोडतात. काही वेळा, विशेषतः रोग अगदी खालच्या भागात असला तर, आतड्याचे तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावतात. ती कधी काही महिन्यांपुरती असते, कधी कायमची. या पिशवीची माणसाला फार लाज वाटते. "आता मी चार माणसांत कसा बसू?" असे तो विचारतो. अशा वेळी तत्त्वज्ञान सांगत बसू नये. त्याच्या पंगतीला जाऊन जेवावे. पिशवी लावून आंघोळ करता येते, प्रवास करता येतो, शाळेत शिकवताही येते. आणि हा रोग शिवाशिवीने पसरत नाही, हे गावाला समजावण्याचे काम शिक्षकांइतके चांगले दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

आता खऱ्या घोटाळ्याची जागा. ऑपरेशन होते, टाके निघतात, माणूस घरी येतो आणि म्हणतो, "गाठ काढली, मी बरा झालो. मग हे सलाईन कशाला?" याचे उत्तर मित्राला पाठ असावे. रोग आसपासच्या गाठींपर्यंत पोचला असेल, तर डोळ्यांना व यंत्राला न दिसणाऱ्या पेशी शरीरात कुठे तरी राहिल्या असण्याचा संभव असतो. तण उपटले तरी मुळी राहावी, तसे हे आहे. त्या मुळीसाठी तीन ते सहा महिन्यांची केमो असते. त्यात मळमळ होते, थकवा येतो. काही औषधांनी गार पाणी सोसत नाही, बोटांना मुंग्या येतात. अशातच पेरणी येऊन ठेपते, आणि माणूस एक पाळी चुकवतो, मग दुसरी. असे अर्धवट सोडलेले उपचार फार महाग पडतात. म्हणून त्याची पेरणी मित्रांनी सावडीने उरकावी आणि त्याला केमोच्या पाळीला धाडावे. आणखी एक गोष्ट कायमची ध्यानात ठेवा: केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री, असेल तसे, दवाखान्यात न्यावे. गावात गाडी कुणाची आणि ती चालवणार कोण, हे आधीच ठरवून ठेवावे.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. राज्य सरकारच्या २०२३ च्या निर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना खुली झाली व दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद झाली. योजनेतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो. दाखल होण्याआधी त्याला भेटून नाव नोंदवावे. आधी पैसे भरून मागाहून पावत्या घेऊन जाण्याची ही योजना नव्हे. रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का, हे पाहून ठेवणे हे मित्राचे काम.

ज्याच्याजवळ खाजगी आरोग्यविमा आहे, त्याच्यासाठी चार गोष्टी. पहिली, पॉलिसी खंडित होऊ देऊ नये. हप्त्याची तारीख त्याच्या नव्हे, आपल्या डायरीत लिहावी, कारण त्याचे चित्त ठिकाणावर नसते. एकदा दावा केला म्हणून नूतनीकरण नाकारण्याची मुभा कंपनीला नाही. दुसरी, नवी पॉलिसी घेताना रोग लपवू नये. २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीपासून असलेल्या रोगासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त ३६ महिने आहे. लपवलेले उघडकीस आले, तर ऐन वेळी दावा बुडतो. तिसरी, तपासण्यांचे अहवाल, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड आणि पावत्या एकाच फाइलीत ठेवून त्यांच्या झेरॉक्स काढाव्यात. चौथी, दावा नाकारला तर लेखी कारण मागावे, कंपनीकडे तक्रार करावी, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. त्यांची कचेरी मुंबईला व पुण्याला आहे आणि तिथे फी लागत नाही.

सगळ्यांना मुंबईलाच जावे लागते असे नाही. परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे. पण बार्शीला आणि नागपूरलाही कॅन्सरची रुग्णालये आहेत. मुंबईला गेलाच, तर उतरण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. तिथे जागेची चौकशी आधी करावी. रुग्णालयातून फॉर्म भरून घेतला, तर उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रोग्याला रेल्वेच्या शयनयान व वातानुकूलित तिसऱ्या वर्गात पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते.

उपचार संपले, माणसांची रीघ थांबली, म्हणजे मित्राची खरी पाळी सुरू होते. रक्ताची तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी असते आणि साधारण एक वर्षाने पुन्हा दुर्बीण. ही देखरेख पाच वर्षे चालते. शिवाय चालणे. २०२५ साली आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रोग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशन व केमो झालेल्या काहींना फक्त माहितीच्या पुस्तिका दिल्या. बाकीच्यांकडून मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली तीन वर्षे नियमाने व्यायाम करवून घेतला. पाच वर्षांनी रोग न उलटलेले लोक पुस्तिकावाल्यांत शंभरात ७४ होते, व्यायामवाल्यांत ८०. नुसती पुस्तिका हाती देण्यापेक्षा बरोबर कुणी असणे किती मोलाचे, ते यावरून दिसते. डॉक्टरांनी परवानगी दिली, की रोज संध्याकाळी "चल रे, ओढ्यापर्यंत जाऊन येऊ" असे म्हणायला आपल्याला काही खर्च येत नाही.

जाता जाता त्याच्या घरच्या माणसाविषयी. रोग्याची विचारपूस सगळे करतात, रात्र रात्र जागणाऱ्या वहिनींना "तुम्ही जेवलात का?" असे फारसे कुणी विचारत नाही. आठवड्यातली एक रात्र दवाखान्यात आपण बसावे आणि त्यांना घरी झोपू द्यावे.

या साऱ्या गोष्टी एकट्याने होणाऱ्या नाहीत. चौघांनी वाटून घ्याव्यात: एकाने कागदपत्रे, एकाने गाडी, एकाने शेत, एकाने संध्याकाळचे चालणे. आणि ज्याने जी पाळी घेतली, त्याने ती शेवटपर्यंत सोडू नये.