पूर्ण आणि निर्दोष

सन १९३१ मध्ये बडोदे सरकारने ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा कोश प्रसिद्ध केला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांचे मराठी, गुजराती, संस्कृत आदी भाषांतील प्रतिशब्द त्यात एकत्र मांडलेले आहेत. शब्द तोलून वापरावा, हा धडा या नगरीने असा राजदरबारातूनच घेतला. त्याच बडोद्यातील आम्हां मराठी घरांत मात्र आमटीची चव, साडीचा रंग, मुलाचे गणित, सारेच आता ‘परफेक्ट’ असते!

वस्तुतः इंग्रजीतही हे शब्द वेगवेगळ्या कुळांतले आहेत. ‘कम्प्लीट’च्या मुळाशी ‘भरणे’ ही क्रिया आहे. ‘परफेक्ट’ म्हणजे मुळात शेवटास नेलेले. म्हणूनच व्याकरणात तो शब्द संपलेल्या क्रियेला लागतो. याउलट ‘इमॅक्युलेट’ म्हणजे निष्कलंक, ‘इम्पेकेबल’ म्हणजे मुळात निष्पाप आणि ‘फ्लॉलेस’ म्हणजे वैगुण्य नसलेले. पहिली जोडी सांगते की काही राहिले नाही. दुसरे त्रिकूट सांगते की काही खटकत नाही.

या दोन गुणांचे नेहमीच सख्य असते असे नाही. सुरतेचा कारागीर हिऱ्याला पैलू पाडतो, तेव्हा कच्च्या खड्याचे पुष्कळदा निम्म्याहून अधिक वजन झिजून जाते. खडा उणावतो, पण उजळतो. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत काढली. परंपरा रामायणाचे चोवीस हजार श्लोक मानते. या आवृत्तीतील संख्या एकोणीस हजारांच्या आत आहे. हस्तलिखिते ताडून जे मागाहून शिरलेले ठरले, ते संपादकांनी मूळ संहितेतून वगळले. परंतु टाकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत जपले. शुद्धता आणि समग्रता या दोहोंना त्यांनी आपापली जागा दिली.

घरातही हा विवेक उपयोगी पडतो. दहांपैकी सातच गणिते सोडवली, पण एकही चुकले नाही, तर ते काम बिनचूक खरे, पुरे नव्हे. दहाही सोडवून दोन चुकली, तर ते पुरे, पण बिनचूक नव्हे. दोघाही मुलांना ‘परफेक्ट’ म्हणून थोपटले, तर कोणी काय सुधारावे? अखंड, समग्र, सांगोपांग, अव्यंग, अचूक, निखळ हे शब्द आमच्या माजघरात आहेतच. परप्रांती वाढणाऱ्या मुलांच्या कानी ते आम्हीच घातले नाहीत, तर दुसरे कोण घालणार?