लाल्याचा मेकओव्हर

ग्रुपमधल्या कोणी बुलेटची टाकी मॅट ब्लॅक करून आणली, की सगळे 'क्या बात है' म्हणतात. पण पुण्यातल्या माझ्या ऑफिसात 'चार दिवस सुट्टी हवीय, ट्रॅक्टरला रंग द्यायचाय' असं सांगितलं, तेव्हा टीम लीडसकट सगळे हसले. हसू द्या! मंडळी, जुन्या ट्रॅक्टरचा मेकओव्हर हा एकदम झकास उद्योग आहे. फरक इतकाच, की बुलेट रविवारी फिरायला जाते आणि आमचा लाल्या सोमवारी शेतात जातो.

लाल्या म्हणजे आमचा महिंद्रा 275. मुक्काम पोस्ट नरसी नामदेव, जिल्हा हिंगोली. कयाधू नदीच्या काठचं हे गाव संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून तुम्ही ऐकलं असेल. आमचा हा सगळा पट्टा हळदीचा. नांगरणीपासून हळदीची ट्रॉली ओढण्यापर्यंत पंचवीस वर्षं लाल्यानं सगळं केलंय. इंजिन ठणठणीत. रूप मात्र विचारू नका! बोनेटचा लाल उन्हानं गुलाबी झालेला, मडगार्डच्या कडा गंजानं कुरतडलेल्या, सीटमधून स्पंज डोकावतोय.

एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घ्यावा, असा विषय घरात निघाला होता. नवा म्हणजे पुढची काही वर्षं हप्ते, आणि हळदीच्या भावाचा भरवसा कोणी द्यावा? एक गिऱ्हाईक आलं. मडगार्डवर बोट फिरवलं, गंज बघितला आणि थेट भंगाराचा भाव सांगितला. इंजिन चालू करून बघायचीही तसदी घेतली नाही. बाबा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत.

मी म्हटलं, ''बाबा, रंग देऊ या.''

''कामून? रंगानं नांगर खोल जातो का?''

''मग तुम्ही हळदीला पॉलिश कामून करता?''

बाबा हसले. शेतातून काढलेली हळद शिजवायची, उन्हात वाळवायची आणि मग ड्रममध्ये फिरवायची. वरची खरबरीत साल घासली जाते, पिवळा रंग खुलतो आणि मोंढ्यात भाव चांगला मिळतो. हे त्यांना मी काय सांगणार! पण त्यांनी एक अट घातली. ''पॉलिशनं कच्ची हळद पक्की होत नसती. गळती, चीर काही झाकायचं नाही.'' आमच्या मेकओव्हरचा हाच फंडा ठरला.

लालच का?

मला आधी मेटॅलिक निळा सुचवला गेला होता. नको! 275 या आकड्याला खानदान आहे. 1963 साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून भारतात ट्रॅक्टर बनवणारी कंपनी काढली. बी-275 हे तिचं गाजलेलं मॉडेल. हार्वेस्टरचे ट्रॅक्टर लाल रंगानंच ओळखले जात. शिवाय आरसीवर रंगाची नोंद असते, रंग बदलला तर आरटीओचा हेलपाटा आलाच.

आता कामाचं

मुहूर्त एप्रिल-मेचा धरा. हळद घरात आलेली असते, पेरणीला वेळ असतो आणि हवा कोरडी असते. पोळ्याला नवा रंग मिरवायची हौस अनेकांना असते, पण तेव्हा पावसाळी दमट हवेत रंग नीट वाळत नाही, चमकही मरते. पोळ्याला झेंडूच्या माळा पुरेत.

पहिला दिवस फक्त धुण्याचा. जुनं ग्रीस आणि चिखल डिझेल लावून ब्रशनं सोडवायचा, मग साबणाचं पाणी. इंजिन गार असू द्या. एअर क्लीनर आणि वायरिंगवर पाण्याचा जोरदार फवारा नको. धुतल्यावर खरी गळती कुठे आहे तेही कळतं. लाल्याचं एक ऑइल सील असं सापडलं. ते आधी बदललं, रंग नंतर.

दुसऱ्या दिवशी बोनेट आणि मडगार्ड काढून तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं गंज घासला. पत्रा सडला होता तिथे वेल्डिंग करून तुकडा बसवला. पुट्टी फक्त पोच्यांपुरती, तीही पातळ. सडक्या पत्र्यावर थापलेली पुट्टी शेतातल्या दणक्यांनी पापुद्र्यासारखी निघते. मग रेड ऑक्साइड प्रायमर, आणि तो पूर्ण वाळल्यावर स्प्रे गननं लाल इनॅमलचे दोन पातळ हात. ग्रीसची निपलं, रबरी पाइप, रेडिएटरची जाळी आणि चेसिस नंबरवर रंग जाऊ द्यायचा नाही. महागडा पीयू रंग जास्त चमकतो, पण त्यातलं हार्डनर फुप्फुसांना घातक असतं. योग्य मास्कशिवाय नादी लागू नका. इनॅमलला नंतर साध्या ब्रशनं टचअप करता येतो. कामाच्या गाडीला तोच बरा.

एक पेच मात्र उरला. बोनेटच्या तोंडावर आजोबांनी पेंटरकडून लिहून घेतलेलं 'श्री नामदेव महाराज प्रसन्न'. पिवळी अक्षरं, थोडी वाकडी. रेडियमवाला म्हणाला, नवं चकाचक कापून देतो. बाबांनी नुसतं अक्षरांवर हात ठेवला. आम्ही भोवती टेप लावली आणि तेवढी पट्टी तशीच ठेवली. आज नव्या लालमध्ये ती जुनी गुलाबी पट्टी ठिगळासारखी दिसते. दिसू दे! आजोबा गेल्यावर त्यांचं शेतात उरलेलं तेवढंच आहे.

सगळा खर्च एका ठीकठाक मोबाइलएवढा आला, नव्या सीटसकट. नांगर खोल जात नाही, हे बाबांचं म्हणणं आजही खरं आहे. पण एक्स्चेंजचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही, आणि संध्याकाळी परतल्यावर बाबा लाल्याला उघड्यावर न सोडता शेडमध्ये लावतात. गंजावरचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच!

तुम्हीही या नादाला लागलात, तर उरलेला पाव लिटर रंग घट्ट झाकण लावून जपून ठेवा. पहिला ओरखडा पहिल्याच आठवड्यात पडतो.