पुढचे वळण गिअरबॉक्सला दिसत नाही

घाटरस्त्यांचा नित्य सराव असलेल्या एका वाचकांनी विचारले आहे की, नव्या मोटारीत क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, आणि तरीही दांड्याशेजारी अधिक व उणे अशी दोन चिन्हे देऊन हाताने गिअर बदलण्याची मुभा ठेवलेली आहे. तर ती वापरल्याने यंत्राला इजा पोचते काय, आणि यंत्र जर सर्व जाणते तर या मुभेचे प्रयोजन काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: नाही. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी मात्र हे यंत्र काय जाणते आणि काय जाणू शकत नाही, याचा थोडा शोध घ्यावा लागेल.

या यंत्राच्या कुळकथेचा आरंभ रस्त्यावर नसून समुद्रावर आहे, आणि तिचा मूळ पुरुष विस्मृतीत गेलेला असल्यामुळे ती सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवानिमित्त स्पिटहेड येथे ब्रिटिश आरमाराची पाहणी चालू असता चार्ल्स पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ ही लहानशी नौका युद्धनौकांच्या रांगांमधून अशा वेगाने निघून गेली की आरमाराच्या गस्ती नौकांना ती गाठता आली नाही, आणि वाफेच्या टर्बाइनचे सामर्थ्य जगाला पटले. परंतु त्या सामर्थ्याच्या पोटात एक विसंगती होती: टर्बाइन जितकी जलद फिरेल तितकी कार्यक्षम, आणि पाणी कापणारा पंखा मात्र मंद फिरेल तरच उपयोगी, कारण तो फार जलद फिरला तर त्याच्या पात्यांमागे बाष्पाच्या पोकळ्या निर्माण होऊन शक्तीचा अपव्यय होतो. स्टेटिन येथील व्हल्कन या जहाजबांधणी कारखान्यातील तरुण जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांच्यापुढे हाच पेच उभा राहिला, आणि एवढी प्रचंड शक्ती पेलणारी दात्यांची चाके अचूक कातण्याची कला तेव्हा पुरेशी प्रगत झालेली नसल्यामुळे, टर्बाइनने पंप फिरवावा, पंपाने द्रव ढकलावा आणि त्या द्रवाने दुसरे चक्र फिरवावे, असा मार्ग त्यांनी मनाशी योजिला. मधल्या नळ्यांमध्ये ऊर्जेचा मोठा अंश घर्षणात हरपतो हे ध्यानी येताच त्यांनी नळ्याच काढून टाकल्या. ढकलणारे चक्र, ढकलले जाणारे चक्र आणि परतणाऱ्या प्रवाहाची दिशा पालटून देणारे तिसरे स्थिर चक्र अशी तिन्ही एकाच बंद कवचात बसवून १९०५ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले.

सारे मर्म त्या तिसऱ्या, न फिरणाऱ्या चक्रात आहे. द्रव त्याच्या पात्यांवर आदळून वळतो, त्या आघाताची प्रतिक्रिया कवच पेलते, आणि म्हणूनच बाहेर पडणारा टॉर्क आत शिरलेल्या टॉर्कपेक्षा अधिक असू शकतो. मोटार जागची हलते त्या क्षणी तो सुमारे दुप्पट होतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा याहून सुंदर व्यावहारिक उपयोग मला तरी ठाऊक नाही. पुढे दात्यांची चाके सुधारली आणि जहाजांवरून या यंत्राची सद्दी संपली. परंतु १९३९ साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाईल गाड्यांसाठी ‘हायड्रा-मॅटिक’ हा आपोआप गिअर बदलणारा संच बाजारात आणला तेव्हा त्याच्या तोंडाशी फ्योटिंगर यांचाच, तिसरे चक्र वगळलेला, द्रव-क्लच होता, आणि १९४८ साली ब्युइकच्या ‘डायनाफ्लो’मध्ये तिसरे चक्रही परत आले. ज्यांच्या कल्पनेवर पुढे कोट्यवधी मोटारी चालल्या ते फ्योटिंगर एप्रिल १९४५ मध्ये, बर्लिनच्या लढाईच्या धुमाळीत, तोफगोळ्याचा तुकडा लागून मरण पावले. डाइमलर, डीझेल आणि फोर्ड यांची नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. फ्योटिंगर यांचे नाव त्या पंक्तीत नसावे, हा इतिहासाचा उघड अन्याय आहे.

आता गिअर कधी बदलावा, या निर्णयाकडे वळू. संगणक नसलेल्या त्या काळात हा निर्णय तेलाचा दाब करीत असे. जेम्स वॉट यांनी वाफेच्या इंजिनावर बसविलेल्या गोळ्यांच्या नियामकाचा वंशज म्हणता येईल अशा केंद्रोत्सारी गव्हर्नरकडून गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा एक दाब येई, इंजिनावरील भाराबरोबर वाढणारा दुसरा दाब विरुद्ध बाजूने येई, आणि या दोहोंच्या मध्ये स्प्रिंगच्या आधारे तोललेली लहानशी झडप ज्या क्षणी एका अंगाला सरके त्या क्षणी तेल नव्या वाटेने वाहून एक क्लच सुटे व दुसरा आवळला जाई. दात्यांची चाके मात्र सदैव एकमेकांत गुंतलेलीच असतात. बदलते ते एवढेच की त्यांपैकी कोणते चाक धरून ठेवायचे व कोणते मोकळे सोडायचे. हाताने गिअर बदलल्याने असल्या यंत्राचे काही बिघडत नाही ते यामुळेच, कारण आपोआप पडणारा गिअर आणि आपण मागितलेला गिअर हे दोन्ही त्याच क्लचांनी, त्याच तेलात, त्याच रीतीने पडतात.

आज झडपेची जागा संगणकाने घेतली आहे आणि तो कितीतरी अधिक गोष्टी मोजतो. परंतु वेग, भार, तेलाचे तापमान, पेडलवरील पायाची घाई यांपैकी प्रत्येक गोष्ट या क्षणाची किंवा नुकत्याच सरलेल्या क्षणाची आहे. चालकाची नजर शंभर मीटर पुढे असते. हाताने गिअर बदलण्याच्या सोयीचे खरे समर्थन या एका भेदात आहे. चढावर याचा प्रत्यय असा येतो की, चौथ्या गिअरमध्ये गाडी दमते म्हणून यंत्र तिसरा पाडते, तिसऱ्यात शक्ती शिल्लक राहते म्हणून आपण पाय सैल करतो, पाय सैल झालेला पाहून यंत्र पुन्हा चौथा टाकते, आणि हा खेळ माथ्यापर्यंत चालू राहून तेल निष्कारण तापते. चढ अजून दोन किलोमीटर आहे हे आपणांस ठाऊक असते. तिसरा गिअर धरून ठेवला की प्रश्न मिटतो.

उतारावर तर हा प्रश्न सोयीचा न राहता जिवाचा होतो. महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना गाडी हजार मीटरांहून अधिक खाली येते. माणसे व सामानासह गाडीचे वजन दीड हजार किलो धरले, तर हजार मीटरांच्या उतरणीत सुमारे दीड कोटी जूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. वारा आणि टायर तिचा काही वाटा उचलतात. उरलेली सर्व ब्रेकवर टाकली आणि ती हवेत जाऊ दिली नाही, तर तीस किलो बीड लालबुंद होईल एवढी ती आहे. प्रत्यक्षात वारा ब्रेकना थंड करीत असतो, म्हणून तशी वेळ येत नाही. परंतु लायनिंगची पकड ढिली पडायला किंवा ब्रेक ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होऊन पेडल पोकळ जायला एवढे तापमान लागतही नाही. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे, आणि हवेतील ओलावा शोषून घेतलेल्या त्याच ऑइलला हीच मर्यादा १४० अंशांची आहे.

खालच्या गिअरमध्ये ही ऊर्जा इंजिनाकडे वळते. पेडलवरून पाय काढला की पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल मिटतो, पिस्टनला जवळजवळ बंद दारातून हवा ओढावी लागते, आणि ही ओढ व अंतर्गत घर्षण गिअरच्या गुणोत्तराने वाढून चाकांना मागे खेचतात. आधुनिक इंजिनात या वेळी इंधनाचा पुरवठाच बंद असतो, म्हणजे बचतीसाठी न्यूट्रलवर गाडी सोडणारा माणूस इंजिन फिरते ठेवण्यासाठी उलट पेट्रोल जाळत असतो आणि आपला सर्वांत विश्वासू ब्रेक गमावीत असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा ट्रकचालकांचा जुना शिरस्ता ऑटोमॅटिक गाडीतही तितकाच खरा आहे. जुन्या अमेरिकन गाड्यांत तर ‘डी’मधला पहिला गिअर आणि ‘एल’मधला पहिला गिअर यांत प्रत्यक्ष यांत्रिक भेद होता: ‘डी’मध्ये तो एकाच दिशेने पकडणाऱ्या क्लचवर चाले व उतारावर मोकळा फिरे, आणि ‘एल’वर दांडा नेला की एक पट्टा आवळला जाऊन इंजिनाचा अटकाव चाकांपर्यंत पोचे.

तथापि जाहिरातींनी या सोयीभोवती जे वलय निर्माण केले आहे ते मला मान्य नाही. १९८९ साली पोर्शेने ‘टिपट्रॉनिक’ आणले, त्याच वर्षी जॉन बार्नर्ड यांनी रचलेल्या फेरारीने स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलून ब्राझीलची शर्यत जिंकली, आणि तेव्हापासून शर्यतीतल्या गाडीशी असलेले हे नाते घरगुती मोटारींच्या गळ्यात अलंकारासारखे अडकविले जात आहे. वस्तुस्थिती अशी की अधिक-उणेचा दांडा हलविणे हा हुकूम नसून अर्ज आहे. तो संगणकाच्या दफ्तरी दाखल होतो, इंजिन मर्यादेपलीकडे फिरेल असे दिसल्यास नामंजूर होतो, आणि वेग फार मंदावला तर अर्जाची वाट न पाहता दफ्तर स्वतःच्या अखत्यारात खालचा गिअर पाडते. इंधन वाचते हा दावाही टिकत नाही, कारण शक्य तितका वरचा गिअर टाकून इंजिन मंद फेऱ्यांवर ठेवण्याचे काम संगणक बहुतेक चालकांपेक्षा अधिक चिकाटीने करतो. सपाट रस्त्यावर, शहरात, महामार्गावर ‘डी’ पुरेसा आहे. सीव्हीटी गाड्यांत तर पायऱ्याच नसतात. तेथील गिअर म्हणजे संगणकाने मध्येच ठरवून घेतलेले थांबे, पण उतारावर तेही उपयोगी पडतात. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटी गाड्यांत फ्योटिंगर यांचे द्रवचक्र मुळीच नाही, साधाच क्लच यंत्राच्या हाताने दाबला जातो. म्हणून तेथे चढावर गाडी पेडलच्या जोरावर तोलून धरणे हाच खरा अपाय आहे, आणि अधिक-उणेचा वापर मुळीच नाही.

यंत्राला पुढचे दिसावे, असा प्रयत्नही झाला आहे. २०१३ च्या रोल्स-रॉइस रेथमध्ये उपग्रहाकडून मिळालेल्या स्थानावरून आणि नकाशावरून वळण येण्यापूर्वीच गिअर निवडला जातो. ही कल्पना मला अत्यंत आवडते, कारण उणीव नेमकी कोठे आहे हे तिच्या कर्त्यांनी ओळखले आहे. परंतु वळण नकाशावर असते, वळणापलीकडून मधोमध येणारी एसटी नसते, पावसाळ्यातले धुके नसते आणि दरडीचा दगडही नसतो. विजेच्या बहुतेक गाड्यांमध्ये बदलायचे गिअर नाहीत, तरी काहींच्या स्टीअरिंगमागे त्याच पट्ट्या आहेत आणि त्यांनी मोटर चाकांना किती मागे ओढील हे ठरवता येते. ती ऊर्जा उष्णतेत न जाता बॅटरीत साठते, हा त्यांचा मोठा गुण. पण महाबळेश्वरच्या माथ्यावर बॅटरी काठोकाठ भरून उतरायला लागलात, तर ती ऊर्जा ठेवायला जागाच नसते आणि सुरुवातीच्या वळणांवर बराचसा भार पुन्हा ब्रेकवर येतो. म्हणून अशा गाडीच्या मालकाने माथ्यावर थोडी बॅटरी रिकामी ठेवूनच घाट उतरावा.